वाचकांचे प्रश्न : रस्त्याच्या देखभालीचा हिशेब

पावसाळा सरला की या सदराकडे रस्त्यांविषयीची पत्रे येऊ लागतात. यंदा त्यांपैकी बरीच पत्रे खर्चाबद्दल आहेत, याचे मला समाधान वाटते. कारण खड्ड्याबद्दल तक्रार करणारे पुष्कळ भेटतात, पण त्या खड्ड्यावर किती पैसा गेला आणि तो कशावर गेला, हे विचारणारे क्वचितच भेटतात. माझी नोकरीची बहुतेक वर्षे जिल्हा मार्गांच्या देखभालीत गेली. त्या अनुभवाच्या आधारे पाच पत्रांना उत्तरे देत आहे. गणितांत जेथे रुपयांचे आकडे आले आहेत, तेथे दर केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्या भागाच्या चालू दरसूचीतील दर घालून पाहावेत.

प्रश्न : आमच्या गावाला जोडणाऱ्या रस्त्यावरचे तेच ते खड्डे जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान तीन वेळा भरले गेले आणि तिन्ही वेळा उखडले. एक खड्डा भरायला खरा खर्च किती येतो आणि तो एकदाच नीट भरणे सरकारला परवडत नाही काय? (एक निवृत्त मुख्याध्यापक, जिल्हा सातारा)

गुरुजी, आपण एक ठरावीक खड्डाच हिशेबाला घेऊ. खड्डा मुळात वेडावाकडा असतो. नीट भरायचा तर त्याच्या भोवतालचा सैल झालेला भाग काढून, कडा उभ्या कापून त्याला चौकोनी आकार द्यावा लागतो. असा चौकोन 1 मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद आणि 75 मिलिमीटर खोल झाला असे धरले, तर त्याचे घनफळ 0.045 घनमीटर भरते. दाबून बसवलेल्या डांबर-खडीच्या मिश्रणाचे वजन घनमीटरला सुमारे 2.3 टन असते. म्हणजे या खड्ड्यात साधारण 104 किलो माल जातो. त्यात डांबर असते सुमारे 5 किलो. मजुराच्या मापाने सांगायचे तर पाच-सहा घमेली.

आता या पाच-सहा घमेल्यांसाठी काय काय हलवावे लागते ते पाहा. एक मुकादम आणि सहा मजूर, माल व हत्यारे नेणारा एक टेम्पो, कडा कापायचे यंत्र, माल दाबायचा प्लेट कॉम्पॅक्टर, आणि वाहतुकीला इशारा देणारे फलक व शंकू. या सगळ्यांचा दिवसाचा खर्च 11,000 रुपये आणि जागेवर पोहोचलेल्या मिश्रणाचा दर टनाला 5,500 रुपये धरू. ही टोळी शिस्तीने काम करून दिवसात असे 20 खड्डे भरते असे मानले, तर एका खड्ड्यामागे माल 570 रुपयांचा आणि टोळीचा वाटा 550 रुपयांचा, असे एकूण 1,120 रुपये पडतात. खर्चाचा जवळजवळ अर्धा भाग डांबर-खडीचा नसून माणसे आणि वाहन तेथपर्यंत नेण्याचा आहे, ही गोष्ट अंदाजपत्रक पाहणाऱ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही. हेच खड्डे 40 किलोमीटरमध्ये विखुरलेले असतील आणि दिवसात आठच भरून होत असतील, तर टोळीचा वाटा खड्ड्यामागे 1,375 रुपयांवर जातो आणि एकूण खर्च 1,945 रुपये होतो. माल तितकाच, खड्डा तोच. फरक फक्त अंतराचा.

आपल्या रस्त्यावर जे घडले असावे ते असे. पावसाची उघडीप दोन दिवसांची, वरून फोन सुरू, म्हणून कडा न कापता, तळ न सुकवता आणि डांबराचा हात न देता माल ओतून फावड्याने थापला गेला. या रीतीने दिवसात 60 खड्डे उरकतात. टोळीचा वाटा 183 रुपयांवर येतो आणि खड्डा साधारण 755 रुपयांत भरल्याची नोंद होते. कागदावर हे काम एक तृतीयांश स्वस्त दिसते. पण तोच खड्डा एका मोसमात तीनदा भरला की 2,265 रुपये लागतात, म्हणजे नीट भरण्याच्या दुपटीहून जास्त, आणि एवढे करून दिवाळीला खड्डा जागेवरच.

ओल्या तळाला गरम माल धरत नाही. डांबर-खडीचे मिश्रण संयंत्रात साधारण 150 ते 165 अंश सेल्सिअसला तयार होते; ते टेम्पोत दोन तास फिरून गार झाले की दाबले जात नाही, त्यात पोकळ्या राहतात आणि पुढच्या सरीचे पाणी त्याच पोकळ्यांतून खाली उतरते. म्हणून भर पावसात इमल्शनवर (पाण्यात मिसळलेल्या, गरम न करता वापरता येणाऱ्या डांबरावर) आधारलेले थंड मिश्रण वापरावे, किंवा ते नसेल तर खडी-मुरमाने तात्पुरते भरून तशीच नोंद करावी आणि उघडीप झाल्यावर पक्के काम करावे. तात्पुरते काम करण्यात कमीपणा नाही. त्याची नोंद पक्के म्हणून होते, तेव्हा हिशेब बिघडतो.

खड्डा नीट भरला आहे की नाही हे आपल्यालाही ओळखता येते. कडा सरळ रेषेत आहेत का पाहावे, कडेच्या सांध्यावर डांबराचा काळा पट्टा दिसतो का पाहावे, आणि भरलेला भाग भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर आहे का, हे हाताने चाचपून पाहावे. वाहनांच्या चाकांखाली तो आणखी थोडा दबतो, म्हणून सुरुवातीला तो अगदी सपाटीत असेल तर महिन्याभरात तेथे बशी तयार होते आणि त्या बशीत पाणी साचते.

प्रश्न : गावाजवळ ‘नूतनीकरण, लांबी 1 कि.मी., रुंदी 3.75 मी., 20 मि.मी. कारपेट व सीलकोट’ असा फलक लागला आहे. माल पुरेसा पडतो की नाही, हे आम्ही सामान्य माणसांनी कसे ओळखायचे? (ग्रामपंचायत सदस्या, जिल्हा जालना)

ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर बेरीज-गुणाकाराने देता येते. 1,000 मीटर गुणिले 3.75 मीटर, म्हणजे 3,750 चौरस मीटर. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानक विनिर्देशांनुसार 20 मिलिमीटरच्या कारपेटला, म्हणजे डांबर-खडीच्या पातळ थराला, दर 10 चौरस मीटरमागे 0.27 घनमीटर खडी आणि 14.6 किलो डांबर लागते. त्यावर बारीक खडी व डांबराचे मिश्रण पसरून जो सीलकोट करतात, त्याला दर 10 चौरस मीटरला 6.8 किलो डांबर लागते. या हिशेबाने आपल्या एका किलोमीटरला कारपेटसाठी सुमारे 101 घनमीटर खडी लागेल. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट किंवा 2.83 घनमीटर, हे धरले तर ती जवळजवळ 36 ब्रास होते. डांबर कारपेटला साधारण साडेपाच टन आणि सीलकोटला अडीच टन, असे मिळून सुमारे आठ टन. याशिवाय जुन्या पृष्ठभागावर आधी जो डांबराचा पातळ हात देतात, त्याचे वेगळे.

खडीचे ढीग रस्त्याकडेला पडलेले असताना ते मोजणे सर्वांत सोपे आहे. एकदा पसरल्यावर कोणालाच खात्रीने काही सांगता येत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मध्ये ‘माहितीचा अधिकार’ या शब्दांत कामाची व अभिलेखांची पाहणी करणे आणि सामग्रीचे प्रमाणित नमुने घेणे यांचाही समावेश आहे, म्हणून झालेल्या कामाची मापे जीत नोंदतात ती मोजमाप पुस्तिका पाहायला मागण्यात संकोच बाळगू नये. दोन तालुक्यांतील समान कामाचे दर वेगळे दिसले तर लगेच शंका घेऊ नये, एवढी मात्र विनंती आहे. खाणीपासून कामापर्यंतच्या अंतराला आमच्याकडे ‘लीड’ म्हणतात. खाण 10 किलोमीटरवर असणे आणि 60 किलोमीटरवर असणे, यात खडीच्या दरात मोठा फरक पडतो. दर पृथक्करणात, म्हणजे दर कशाकशाचा मिळून झाला याच्या तपशिलात, तो स्वतंत्र दाखवलेला असतो.

प्रश्न : आमच्या भागात नवीन रस्त्यांची भूमिपूजने सतत चालू असतात, परंतु असलेल्या रस्त्याच्या दुरुस्तीसाठी गेले की ‘निधी नाही’ असे उत्तर मिळते. एकाच खात्याकडे एका कामाला पैसा असतो आणि दुसऱ्याला नसतो, हे कसे? (स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड)

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याला थोडी जास्त जागा देतो. सरकारी लेख्यांत रस्त्यांचा पैसा मुख्यतः दोन शीर्षांखाली विभागलेला असतो. लेखाशीर्ष 5054 हे रस्ते व पुलांवरील भांडवली खर्चाचे आणि 3054 हे महसुली खर्चाचे. नवीन बांधकाम, रुंदीकरण, सुधारणा ही कामे सामान्यतः पहिल्यात जातात आणि खड्डे भरणे, साइडपट्ट्या (डांबराच्या दोन्ही कडांच्या पट्ट्या), मोऱ्यांची सफाई, नूतनीकरण ही कामे दुसऱ्यात. भांडवली कामासाठी कर्ज काढता येते आणि त्यातून मालमत्ता उभी राहिली असे दाखवता येते. महसुली खर्चाला मात्र त्याच तिजोरीत पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांच्या मागे रांगेत उभे राहावे लागते, आणि पैशाची ओढाताण झाली की रांगेतल्या शेवटच्याला कात्री लागते. साफ केलेल्या मोरीवर कोनशिला बसवता येत नाही, हेही एक कारण आहेच.

देखभालीसाठी हक्काचा पैसा असावा हा विचार आपल्याकडे नवा नाही. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 मध्ये नेमलेल्या समितीने रस्ते ही राष्ट्रीय जबाबदारी असल्याचे म्हटले आणि पेट्रोलवरच्या जादा करातून स्वतंत्र निधी उभारण्याची शिफारस केली. त्यानुसार 1929 मध्ये गॅलनमागे दोन आणे जादा कर बसून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला, आणि 1934 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, जिच्या संहितांवर आपण आज अभ्यास करीत असाल. पुढे 2000 च्या कायद्याने या निधीला वैधानिक रूप मिळाले. 2018 मध्ये त्याच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द आले आणि त्याची व्याप्ती रस्त्यांपलीकडे वाढली. माझ्या मते गाडीमालकाने इंधनाबरोबर भरलेल्या पैशातील ठरावीक वाटा असलेल्या रस्त्यांच्या देखभालीसाठीच राखून ठेवला पाहिजे, आणि तो जिल्हा मार्गापर्यंत पोहोचला पाहिजे.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने या बाबतीत एक चांगला पायंडा पाडला. रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदाराकडेच पुढील पाच वर्षांची नियमित देखभाल करारानेच सोपवलेली असते, तिचे वर्षवार पैसे आधी ठरलेले असतात, आणि आता ‘ई-मार्ग’ प्रणालीत रस्त्याची स्थिती तपासून त्यानुसार देयक निघते. खरी अडचण सहाव्या वर्षी सुरू होते. तोवर रस्त्याची झीज डोळ्यांना फारशी दिसत नाही. पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडलेल्या असतात, पण गाडी सुरळीत जाते, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. नेमक्या याच वेळी भेगा बुजवून पातळ थर दिला तर थोडक्यात भागते. ती वेळ टळली की पाणी भेगांतून खालच्या खडीच्या थरात आणि तेथून मातीत उतरते. मराठवाड्यातल्या काळ्या मातीची भार पेलण्याची ताकद मोजणारी सी.बी.आर. चाचणी भिजलेल्या नमुन्यावर घेतली, तर ती अनेकदा दोन-तीन टक्क्यांवर येते. मग वरचा थर कितीही चांगला असो, खालचा आधारच गेलेला असतो, आणि जेथे पातळ थराने भागले असते तेथे खडीकरणापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. हे काम भांडवली ठरते, त्याला 5054 मधून निधी मिळतो, त्याचे भूमिपूजनही होते. आपल्याला जे दिसले ते यातूनच येते.

जागतिक बँकेने 1994 च्या आपल्या विकास अहवालात आफ्रिकेविषयी लिहिले होते की, वेळच्या वेळी देखभालीवर 12 अब्ज डॉलर खर्च केले असते तर मागील दशकात रस्ते पुन्हा बांधण्यावरचे 45 अब्ज डॉलर वाचले असते. आपल्या एखाद्या तालुक्यापुरताही असा हिशेब मांडता येईल, पण त्यासाठी रस्तानिहाय नोंदी हव्यात. एका उपविभागात असताना मी चौकटीच्या कागदावर 18 किलोमीटरच्या एका जिल्हा मार्गाची खतावणी घातली होती. आडव्या ओळीत किलोमीटर, उभ्या ओळीत वर्षे, आणि प्रत्येक चौकटीत त्या किलोमीटरवर त्या वर्षी झालेला खर्च. कामांची देयके रस्त्याच्या नावाने निघत असल्यामुळे ती किलोमीटरवार फोडायला मला दोन महिने लागले. कागद पूर्ण झाला तेव्हा दिसले की, खर्चाचा मोठा वाटा वर्षानुवर्षे त्याच दोन किलोमीटरवर पडत होता. तेथे जाऊन पाहिले, तर एका ठिकाणी मोरीचे तोंड गाळाने पूर्ण बंद झाले होते आणि दुसऱ्या ठिकाणी साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच झाली होती. दोन्हींची कामे मिळून चार दिवसांत आटोपली. आम्ही तोवर दर वर्षी डांबर ओतत होतो, आणि त्या जागांना डांबराची गरज नव्हती.

पूर्वी प्रत्येक टापूला मैलकुली असत. कुदळ, फावडे आणि घमेले घेऊन ते रोज आपल्या हद्दीतून चालत, आणि पावसाच्या पहिल्या सरीत पाणी कोठे अडते हे त्यांना पाठ असे. ती पदे कमी होत गेली, तेव्हा पगाराची बचत ताबडतोब दिसली. रोज पाहणारा डोळा गेला, त्याची किंमत कोणत्याही शीर्षाखाली दिसत नाही. आपण विद्यार्थी आहात, प्रकल्पासाठी विषय शोधत असाल, तर आपल्या गावच्या एका रस्त्याची गेल्या दहा वर्षांची अशी खतावणी घालून पाहा.

प्रश्न : मी ऊस वाहतूक करतो. रस्ता खराब झाला की सगळे आमच्याकडे बोट दाखवतात. टनभर जास्त भरल्याने खरेच एवढे नुकसान होते काय? (एक वाहनमालक, जिल्हा सांगली)

होते, आणि आपण मोकळेपणाने विचारलेत म्हणून आकड्यांतच सांगतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे 1958 ते 1960 या काळात चाचणीसाठी रस्ते बांधून त्यांवर निरनिराळ्या वजनांच्या गाड्या सतत फिरवण्यात आल्या. त्यातून असे आढळले की, रस्त्याचे नुकसान आसावरच्या (दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या दांड्यावरच्या) भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार सव्वापट झाला, तर नुकसान सव्वापट होत नाही, 1.25 चार वेळा गुणायचे, ते 2.44 पट होते.

आपल्याकडे 8.16 टन भाराचा आस तुलनेसाठी प्रमाण धरतात. चार टायरच्या एका आसाला पूर्वी 10.2 टनांची मर्यादा होती. तेवढ्या भाराने होणारे नुकसान त्या प्रमाण आसाच्या 2.44 पट. केंद्र सरकारने जुलै 2018 मध्ये ही मर्यादा 11.5 टनांवर नेली. तिचे नुकसान सुमारे 3.94 पट. भारवाढ पावणेतेरा टक्क्यांची, रस्त्याच्या झिजेतील वाढ साठ टक्क्यांहून अधिक, आणि हे सारे कायद्याच्या चौकटीत राहून. त्यावर आणखी पाचवा हिस्सा जादा भरला, तर झीज पुन्हा दुप्पट. ग्रामीण रस्ते तर मुळातच हलक्या रहदारीसाठी आखलेले असतात, त्यांच्यावर परिणाम याहून वाईट होऊ शकतो.

तरीही सगळा दोष आपल्या माथी मारणे योग्य नाही. तोच ऊस जास्त आसांवर आणि जास्त चाकांवर विभागून नेला, तर रस्त्याला त्याचा त्रास कितीतरी कमी होतो. बैलगाडीची लोखंडी धाव जाऊन टायर आले, तेव्हा वजन तेवढेच राहूनही रस्त्याच्या कडा वाचल्या, हे आपल्या भागातील जुन्या माणसांना आठवत असेल. दुसरी गोष्ट, गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि तेव्हा रस्त्याखालची माती अजून ओली असते. कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या साइडपट्ट्या आणि भेगांची कामे हंगामाआधी उरकली पाहिजेत, आणि ती जबाबदारी आपली नसून रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची आहे.

प्रश्न : सगळेच रस्ते एकदाचे सिमेंटचे का करीत नाहीत? आणि एक खासगी शंका. शेतात ट्रॅक्टर नेण्यासाठी मी रस्त्याकडेची चारी मातीने बुजवली आहे. त्यावरून मला नोटीस आली. एवढ्याशा भरावाने काय बिघडते? (एक शेतकरी, जिल्हा रत्नागिरी)

सिमेंटचा रस्ता बांधताना महाग पडतो आणि नंतर त्याला देखभाल कमी लागते, पण लागतच नाही असे नाही. सांधे वेळोवेळी भरावे लागतात, आणि फरशी तुटली तर तिची दुरुस्ती डांबरापेक्षा अवघड व वेळखाऊ असते. जेथे रहदारी प्रचंड आहे, उदाहरणार्थ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, तेथे हा हिशेब जमतो. गावठाणात सांडपाणी रस्त्यावरून वाहते, तेथेही मी सिमेंटच सुचवीन, कारण सतत ओल्या राहणाऱ्या जागी डांबर टिकत नाही. दिवसाला मोजक्या गाड्या जाणाऱ्या डोंगरातील रस्त्याला तोच पैसा संरक्षक भिंती, मोऱ्या आणि गटारांवर घालणे अधिक हिताचे आहे.

आता आपला भराव. 3.75 मीटर रुंदीच्या डांबरी रस्त्याला जास्त पावसाच्या प्रदेशात मध्यापासून कडेकडे अडीच टक्के उतार देतात, म्हणजे मधल्या उंचवट्यापेक्षा कडा साधारण 47 मिलिमीटर खाली असते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि ते पाणी एवढ्याशा उताराच्या बळावर साइडपट्टीवरून चारीत जायचे असते. आपल्या भरावाने चारी बंद झाली की वरच्या अंगाचे सगळे पाणी तेथे तुंबते, साइडपट्टी मऊ पडते आणि रस्त्याच्या कडेचे डांबर तुकड्या-तुकड्याने तुटू लागते. तेथून पुढचा खर्च या सदरातील पहिल्या उत्तराप्रमाणे चालू होतो.

नोटिशीमुळे घाबरून जाऊ नये. शाखा अभियंत्यांना भेटून रीतसर परवानगी घ्यावी, ते सांगतील त्या व्यासाचा सिमेंटचा नळ चारीच्या तळाला, तळाच्याच उताराने बसवावा आणि मग त्यावर भराव करावा. नळ तळापेक्षा वर बसला तर गाळ साचून तो दोन वर्षांत बुजतो, एवढे मात्र स्वतः उभे राहून पाहावे. पुढच्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडेल, त्या दिवशी छत्री घेऊन तेथे जावे आणि नळाच्या दोन्ही तोंडांशी पाणी सारख्याच जोराने वाहते का, ते बघून घ्यावे.